राणीसरकारांचा रेल्वेप्रवास

स्टेशनमास्तरांनी खऱ्या रेल्वेत एक दिवसही नोकरी केली नव्हती, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. त्यांचा धंदा चष्म्यांचा. दिवसभर लोकांच्या नाकांवर काचा बसवायच्या, ‘आता दिसतंय? आणि आता?’ असं विचारून घसा कोरडा करायचा, आणि दुकानाचं शटर खाली ओढलं की घरी येऊन मागच्या खोलीत शिरायचं. त्या खोलीत टेबलाला टेबलं जोडून त्यांनी एक अख्खं गाव वसवलं होतं. स्टेशन, मालधक्का, शाळा, पिठाची गिरणी, नखाएवढ्या खिडक्यांची घरं, सुक्या शेवाळाची झाडं. गावाला वळसा घालून रूळ, रुळांवर गाड्या, आणि भिंतीलगत प्लास्टरचा भलाथोरला डोंगर, त्याच्या पोटातून बोगदा. बोगद्यात गाडीचा खडखडाट घुमू नये म्हणून त्यांनी आतूनसुद्धा शेवाळ ठासलं होतं, इतका बारीक विचार! एवढाच बारीक विचार संसाराचा केला असता तर न्हाणीघराचा नळ केव्हाच दुरुस्त झाला असता, असं त्यांची बायको म्हणायची. नळ गळत होता, त्याची ओल डोंगरामागच्या भिंतीत उतरत होती, आणि स्टेशनमास्तर तिकडे बघून नुसते हळहळत होते.

बायको प्राणीसंग्रहालयात कामाला. सरपटणाऱ्या प्राण्यांचं घर तिच्या ताब्यात. अजगरापासून कासवापर्यंत सगळ्यांची दुखणीखुपणी तीच काढायची. तिचा धाकटा भाऊ मोठा ट्रक चालवायचा, आणि संग्रहालयाला कुठला प्राणी इकडून तिकडे न्यायचा असला की ते काम त्याच्याकडे यायचं. त्यामुळे सुट्टीच्या दिवशी मेहुणा जेवायला आला की ताटावर बसल्याबसल्या वाहतुकीचा विषय निघायचा, आणि विषय निघाला की स्टेशनमास्तरांना आवरणं कुणाच्या बापाला जमायचं नाही.

“जिराफ आणला परवा,” मेहुणा सांगायचा. “दर पुलाखाली थांबा, उतरा, माप घ्या. मान खाली घाल म्हणून त्याला सांगणार कोण?”

“माझ्या गाडीनं पाठवायचास.”

“तुमच्या गाडीत जिराफाचं नाक मावणार नाही, भावोजी.”

“नाक कशाला? डोकं तेवढं ठेवायचं डब्यावर. पाय त्याचे स्वतःचे आहेत, ते बाजूनं चालतील. तिकीट फक्त डोक्याचं.”

हत्तीसाठी त्यांची योजना याहून मोठी होती. चार रूळ, चार गाड्या, एकेका गाडीवर एकेक पाय. अट एकच, चारही गाड्या एका वेगानं सुटल्या पाहिजेत. “एक जरी लेट झाली,” ते गंभीरपणे म्हणायचे, “तर हत्तीचं काय होईल ते मी जेवताना बोलत नाही.” पेंग्विन म्हणजे आदर्श प्रवासी. उभ्यानं प्रवास, कपडे इस्त्रीचे, सामान शून्य. अजगराला तर डबाच नको, तोच गाडी, फक्त पुढे दिवा लावला की झालं. मेहुणा हसून हसून ठसकायचा. बायको म्हणायची, “अहो, आधी तोंडातला घास गिळा.” पण तिच्याही ओठांचे कोपरे हलायचे, आणि तेवढ्यावर स्टेशनमास्तरांचा आठवडा निघायचा.

त्या सुट्टीच्या दिवशी मात्र तिच्या ओठांचे कोपरे हलत नव्हते. सकाळी ती झाकणाला भोकं पाडलेला एक डबा छातीशी धरून घरी आली आणि तिनं तो मागच्या खोलीत स्टुलावर ठेवला. डब्यात ओल्या कागदावर एक सुकं पान पडलं होतं. स्टेशनमास्तरांनी नीट बघायला चष्मा सरसावला, तेव्हा त्या पानानं एक डोळा त्यांच्याकडे फिरवला आणि दुसरा डोळा खिडकीकडे.

“अगं, हे काय!”

“पानसरडी,” बायको म्हणाली. “आमच्या राणीसरकार.”

करंगळीच्या दोन पेरांएवढा जीव. पण संग्रहालयात ही बाई इकडे वळली की सगळे तिकडे धावायचे, म्हणून तिथल्या पोरांनी तिचं नाव राणीसरकार पाडलं होतं. दूरच्या एका बेटावरून हिच्या जातीच्या थोड्या सरड्या आणल्या होत्या. बेटावरचं ते जंगल नंतर जळालं, आणलेल्यांतल्या एकेक करून गेल्या, आणि आता मादी म्हणावी अशी ही एकच उरली होती. आता तिच्या पोटात अंडी होती आणि ती घालायला ती तयार नव्हती. सरड्यांच्या घरात फरशी फोडण्याचं काम निघालेलं. त्या धडधडाटानं तिनं प्रत्येक जागा नाकारली. मऊ माती दिली, नको. वाळू दिली, नको. डॉक्टरांनी हात टेकले होते.

“आज-उद्यात घातली नाहीत तर अंडी पोटातच सडतील,” बायको म्हणाली. “आणि हिच्या अंगात सुई टोचायला जागा तरी आहे का? म्हटलं, आपल्या घरी शांत तरी असतं. मी तिचं खाणं घेऊन येते, त्या बारीक माश्या कामावरच राहिल्या. तुम्ही फक्त इथे बसा. आणि हे बघा, डबा उघडायचा नाही.”

“छे, छे! वेड लागलंय का मला?”

ती गेली. मग मेहुणा आला. आता खरं सांगायचं तर स्टेशनमास्तर वाईट माणूस नव्हते. पण ज्याला गप्पांची चटक असते ना, त्याला कुणी ‘करून दाखवा’ म्हटलं की त्याची अक्कल तेवढ्यापुरती पेंड खायला जाते. मेहुण्यानं डब्यात वाकून बघितलं, एक नजर गावाकडे टाकली, आणि म्हणाला, “भावोजी, जिराफ काय, हत्ती काय, नुसत्या बाता. एक मुंगी तरी नेलीत का आजवर?”

डब्यात राणीसरकार कोपऱ्यात पुढच्या पायांनी कागद खरवडत होत्या. थांबत होत्या. पुन्हा खरवडत होत्या.

“कंटाळलीय बिचारी,” मेहुणा म्हणाला.

“हवापालट हवाय तिला,” स्टेशनमास्तर म्हणाले, आणि हे वाक्य त्यांच्याच कानाला इतकं वैद्यकीय वाटलं की त्यांचा हात झाकणाकडे गेला.

त्यांनी काही आंधळेपणानं केलं नाही, एवढं श्रेय द्यायला हवं. आधी खोडरबराचा तुकडा गाडीच्या उघड्या डब्यावर ठेवून गाडी पूर्ण फेरी फिरवली. खोडरबर हललं नाही. मग औषधाचा चिमुकला पेला पाण्यानं अर्धा भरून त्याच डब्यावरून फिरवला. थेंब सांडला नाही. मग त्यांनी एक काडी राणीसरकारांपुढे धरली. राणीसरकारांनी एक पाय उचलला, तो हवेत थरथरवला, जागा पसंत आहे की नाही याचा बराच विचार केला आणि काडीवर ठेवला. काडीसकट त्या गाडीच्या डब्यावर आल्या.

आणि स्टेशनमास्तरांची बडबड आपोआप थांबली. कारण त्या गावाच्या मापानं राणीसरकार चांगल्या हत्तीच्या पिल्लाएवढ्या दिसत होत्या. फलाटावरची रंगवलेली माणसं त्यांच्या पाठीला लागत होती. गाडी सुटली, गिरणीवरून गेली, शाळेवरून गेली, आणि पाठीवर काटे, कपाळावर शिंगं असलेलं ते पुराणकाळातलं जनावर एक डोळा शाळेवर आणि दुसरा गिरणीवर ठेवून गावातून निघालं. इतकी वर्षं स्टेशनमास्तरांनी ते गाव रंगवलं होतं, पुसलं होतं, दुरुस्त केलं होतं. आज पहिल्यांदा त्या गावाकडे कुणीतरी आतून बघत होतं. त्यांच्या अंगावर शहारा आला. मेहुण्यासारखा मेहुणा, पण तोही हळूच म्हणाला, “आयला!”

गाडी बोगद्यात शिरली. गाडी बोगद्यातून बाहेर आली. काडी होती, डबा होता, राणीसरकार नव्हत्या.

खोडरबर मध्येच उतरत नाही. पाण्याचा पेलाही उतरत नाही. जिवंत प्रवाशाला वाटेत उतरावंसं वाटू शकतं, ही गोष्ट त्यांच्या कुठल्याच चाचणीत बसत नव्हती. स्टेशनमास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी बोगद्यात हात घातला, तो मनगटाशीच अडकला. मेहुण्यानं स्क्रू ड्रायव्हर उचलला. “फोडू या डोंगर!”

“थांब! वरून प्लास्टर कोसळलं तर ती खाली चिरडेल.”

“मग काय करायचं?”

“मला काय माहीत!” स्टेशनमास्तर ओरडले, आणि तेवढ्यात दाराशी चप्पल काढल्याचा आवाज आला.

बायको ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं उघडा डबा बघितला, गाडीवरची रिकामी काडी बघितली, नवऱ्याचा चेहरा बघितला, आणि हातातली माश्यांची बाटली हळूच खाली ठेवली. “कुठे आहे?” एवढंच विचारलं.

“बोगद्यात,” स्टेशनमास्तर म्हणाले. “माझंच चुकलं. याचं काही नाही, मीच उघडला डबा.”

“माझंही आहे, ताई,” मेहुणा पुटपुटला.

“सरड्याची धाव कुंपणापर्यंत म्हणतात,” बायको म्हणाली. “इथे कुंपणच नाही, आत तुमच्या तारांची भेंडोळी आहेत. त्यात शिरली तर संध्याकाळपर्यंत सुकून जाईल. मग संपलंच सगळं, कायमचं.”

स्टेशनमास्तर दुकानाच्या पिशवीकडे गेले. डोळे तपासायचा दांड्याचा छोटा आरसा काढला, एक जाड भिंग काढलं, आणि विजेरीवर पातळ कागद गुंडाळून उजेड मंद केला. आरसा बोगद्यात सरकवला आणि भिंगातून बघत राहिले. बराच वेळ नुसतं शेवाळ दिसलं. मग शेवाळ हललं.

“अगं, ये. लवकर ये. हळू ये.”

बायकोनं डोळा भिंगाला लावला. बोगद्याच्या मध्यावर, रुळांना लागून, जिथे न्हाणीघराची ओल भिंतीतून पाझरून शेवाळात उतरली होती, तिथे राणीसरकार पुढच्या पायांनी खड्डा खणत होत्या. दोनदा खरवडायच्या, दम खायच्या, पुन्हा दोनदा खरवडायच्या.

“अंधार, ओल आणि शेवाळ,” ती म्हणाली. “मी महिनाभर काय काय देत होते तिला. आणि हे तुमच्या डोंगरात होतं.”

तिघंही आळीपाळीनं बघत बसले. खड्डा पुरा झाल्यावर राणीसरकार उलट्या वळल्या आणि शेपटीकडून त्यात उतरल्या. भिंगात ते डोकं केवढंतरी दिसत होतं, आणि त्यावरचे दोन्ही डोळे, जे कधी एका दिशेला बघत नाहीत, ते दोन्ही मिटले होते. मेहुण्यानं आयुष्यात वाघ वाहून नेले होते, एकदा ट्रकमध्ये झेब्र्याची मादी व्यायली होती तेही त्यानं पाहिलं होतं. पण तो आता मांडी घालून जमिनीवर बसला आणि आपली पाळी पुन्हा कधी येते याची वाट बघू लागला.

दुपार कलली तेव्हा राणीसरकारांनी अंडी बुजवली, पायांनी शेवाळ वर ओढून थापटलं, आणि तिथेच पडल्या. बाजू आत गेल्या होत्या, कातडी बरगड्यांना चिकटली होती.

“पाणी मिळायला हवं तिला, लगेच,” बायको म्हणाली. “हात तर जात नाही. बाहेर कशी आणायची?”

“गाडी पाठवतो,” स्टेशनमास्तर म्हणाले. एरवी हे वाक्य ते ऐटीत म्हणाले असते. आता ते इंजिनाकडे बघत होते.

पण एक घोळ होता आणि तो फक्त त्यांनाच ठाऊक होता. त्यांचं लाडकं इंजिन सुटताना एक झटका द्यायचं. बारीकसा, कुणाच्या लक्षातही येऊ नये असा. येणाऱ्या-जाणाऱ्याला ते छातीठोकपणे सांगत आले होते की आमची गाडी लोण्यावरून जाते. थकलेल्या जिवाला त्या झटक्यानं खाली पाडायला वेळ लागला नसता.

“इंजिन झटका देतं,” ते म्हणाले. “दोऱ्यानं ओढतो.”

इंजिनाला शिवणाचा लांब दोरा बांधून त्यांनी ते एकटंच बोगद्यातून आरपार काढलं, अगदी गोगलगायीच्या चालीनं. पलीकडच्या तोंडाशी दोरा सोडून तो एका उघड्या डब्याला बांधला. डब्यावर ओलं शेवाळ पसरलं, त्यावर पाण्याचे थेंब सोडले आणि डब्याच्या कडेवरून शेवाळाची झिपरी रुळांपर्यंत लोंबती ठेवली, चढायला. मग अलीकडच्या तोंडाशी गुडघे टेकून स्टेशनमास्तर दोरा ओढायला लागले, अंगणात खेळण्याची गाडी ओढणाऱ्या पोरासारखे. पलीकडे मेहुणा आरसा आणि विजेरी घेऊन पालथा पडला होता, आणि सवय सुटते थोडीच, ट्रक मागे घेताना देतात तसा पुकारा कुजबुजत होता.

“येऊ द्या... येऊ द्या... जरा येऊ द्या... बास!”

डबा राणीसरकारांच्या शेजारी थांबला. आता पुढचं कुणाच्याच हातात नव्हतं. त्यांनी यायचं तर त्यांनीच यायचं.

“एक डोळा फिरवला,” मेहुणा सांगू लागला. “डब्याकडे बघतेय. नाही, तारांकडे बघतेय. ताई, तारांकडे वळली गं.”

बायकोनं नवऱ्याचा खांदा धरला. बोटं रुतली. स्टेशनमास्तरांना हुंदका येत होता आणि तो द्यायचा म्हटलं तर दोरा हलला असता, म्हणून त्यांनी तो गिळला.

“थांबली. जीभ काढली. ताई, थेंब चाटला! लोंबतंय ना ते शेवाळ, त्याचा. एक पाय ठेवला. काढला. पुन्हा ठेवला. आता दुसरा. अहो भावोजी, चढली! चढली!”

“ओरडू नकोस मेल्या,” बायको म्हणाली आणि रडायला लागली.

दोरा येत राहिला. वीतभर दोरा यायला जितका वेळ लागला तितक्यात एरवी त्यांची गाडी गावाला कितीतरी फेऱ्या मारून आली असती. मग बोगद्याच्या काळोखातून आधी ओलं शेवाळ दिसलं, मग शिंगं, आणि मग अख्ख्या राणीसरकार बाहेर आल्या. मळलेल्या, खंगलेल्या, चारही पायांनी शेवाळ घट्ट धरून. बायकोनं ड्रॉपरनं थेंब धरला. त्यांनी तो घेतला, मग दुसरा घेतला. तिसऱ्याला त्यांनी मान फिरवली, म्हणजे पोट भरलं. स्टेशनमास्तर जमिनीवरच बसून राहिले. आपण आयुष्यभर जी गाडी चालवली तिनं आज पहिल्यांदा कुणालातरी कुठूनतरी आणलं, हे त्यांच्या मनात येत होतं.

“अंडी काढायची कशी?” शेवटी त्यांनी विचारलं.

“काढायची नाहीत,” बायको म्हणाली. “डोंगर फोडला तर हादऱ्यानं जातील. आता तीन महिने तिथेच. गाड्या बंद. आणि ती ओल कमी पडेल, रोज वरून पाणी शिंपडावं लागेल.” तिनं डोंगराच्या कडेवरून बोट फिरवलं. “तुमचं प्लास्टर टिकायचं नाही हो.”

स्टेशनमास्तरांनी डोंगराकडे पाहिलं. त्याची एकेक कडा त्यांनी करंगळीनं घासून गुळगुळीत केली होती. मग ते उठले, इस्त्रीच्या कपड्यांवर पाणी मारायची बाटली घेऊन आले आणि पहिली फवारणी त्यांनीच केली. पांढरं शिखर करडं पडलं.

तीन महिन्यांत डोंगराची रया गेली. शिखर खचलं, उतारावरचा रंग ओघळून गावात आला, शाळेची भिंत फुगून पडली, आणि शेवाळाच्या कुठल्याशा बीजातून बोगद्याच्या तोंडाशी खरोखरचं हिरवं उगवलं. बघायला आलेले लोक हळहळायचे. स्टेशनमास्तर सकाळ-संध्याकाळ पाणी मारायचे आणि आतल्या जिवांना धक्का लागू नये म्हणून त्या खोलीत कुजबुजत बोलायचे.

एका दुपारी जेवायला बसताना बायको पाणी मारायला म्हणून आत गेली आणि परत आली नाही. ते उठून गेले. ती टेबलाच्या कडेला हनुवटी टेकून उभी होती. तिनं नुसतं बोटानं दाखवलं.

बोगद्याच्या तोंडाशी, हिरव्यातून, तांदळाच्या दाण्याएवढं काहीतरी बाहेर आलं होतं. त्याला चार पाय होते. पाठीवर काटे होते. कपाळावर, भिंगाशिवाय दिसूही नयेत अशी, शिंगं होती. एक डोळा त्यानं स्टेशनमास्तरांकडे फिरवला, दुसरा बायकोकडे. सगळ्या जगात त्याच्या जातीचं नवीन असं तेवढंच होतं, आणि ते रुळाशी येऊन थांबलं होतं, कारण रूळ त्याच्या डोक्याहून उंच होता.

स्टेशनमास्तरांचं बोट नकळत पुढे झालं. बायकोनं मनगट धरलं.

“नको. त्याचं त्याला चढू दे.”

पिल्लानं एक पाय उचलला. तो हवेत थरथरला. खाली आला. पुन्हा उचलला. मागे शेवाळ हललं आणि दुसरं डोकं बाहेर आलं. स्टेशनमास्तरांनी बायकोचा हात धरला तो तसाच राहिला, आणि स्वयंपाकघरात ताटं वाढलेली होती ती संध्याकाळपर्यंत तशीच राहिली.